नागपुरातली ऐतिहासिक चर्चं एका सकाळी पायी बघून होतील का?

होतील. सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलपासून निघा, मग एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) कॅथेड्रल, तिथून सिव्हिल लाइन्सला हिस्लॉप कॉलेज. पण हे सगळं कोणाच्या तोंडून ऐकणार, ते आधी ठरवा.

असाच एक हेरिटेज वॉकवाल्यांचा घोळका एका रविवारी आमच्या चर्चच्या फाटकाशी उभा होता. उपासना नुकतीच सुटली होती. त्यांचा गाइड सांगत होता, "इंग्रजांनी स्वतःसाठी बांधलं. ते गेले, आता रिकामंच असतं." आई गीतांचं पुस्तक पिशवीत ठेवत होती. ती म्हणाली, "रिकामं काहून? आम्ही येतो नं दर रविवारी." त्यावर त्याने विचारलं, "मूळच्या गोव्याच्या का तुम्ही?"

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या नागपूरचं. मी तिथेच त्याच्याशी भांडले आणि आजही तेच सांगेन. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये इथे आला तेव्हा गादीवर तिसरे रघुजी भोसले होते. राज्य खालसा होऊन इंग्रजांकडे गेलं ते नंतर, १८५४ ला. हिस्लॉप मराठी शिकला, शाळा काढली, रानोमाळ फिरून जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या कथा-गाणी उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं, म्हणजे प्राचीन दफनांभोवतीची दगडांची कडी, बघून परतताना नाल्याच्या पुरात बुडून गेला. त्याचे कागद मध्य प्रांताचा मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापले. कॉलेज निघालं १८८३ ला, त्याच्या नावाने. हे न सांगता नुसत्या कमानी दाखवणारा गाइड मला गाइड वाटत नाही.

ऑल सेंट्स १८५१ चं. ते बांधणारा सँकी हा फौजेतला इंजिनियर, बंगळुरूची अठरा कचेरी, म्हणजे आजच्या कर्नाटक उच्च न्यायालयाची इमारत, तीही त्याचीच. १८७९ मध्ये बॉडली या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्याने ते वाढवलं. ती इमारत गोऱ्यांसाठीच उभी राहिली, हे मी नाकारत नाही. पण नागपूरचा ख्रिस्ती माणूस त्या दारातून आलेला नाही.

रविवारी जात असाल तर उपासनेत मागच्या बाकावर बसा, फोटो नंतर काढा. इतर दिवशी पाळकसाहेबांना आधी विचारून जा आणि मंडळीतलं कोणी वयस्कर माणूस भेटलं तर गाइडऐवजी त्यालाच विचारा. उन्हाळ्यात हे करू नका. कामठी त्याच सकाळी बसवू नका. १८२१ पासूनची छावणी आहे ती, तिला वेगळा दिवस द्या.