नाळेतल्या स्टेम सेल्समुळे कुत्र्याचा झिजलेला सांधा पुन्हा नवा होतो का?

तुमच्या म्हाताऱ्या कुत्रीचा गुडघा झिजलाय, डॉक्टरांनी नाळेतल्या स्टेम सेल्सचं इंजेक्शन सुचवलंय, आणि त्याने नवी कूर्चा (हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) येईल का, असं तुम्ही विचारलंय. मी पशुवैद्यक आहे. नव्या कूर्चेची आशा धरू नका. दुखणं आणि लंगडणं कमी व्हावं, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

नाळेतल्या रक्तवाहिन्यांभोवती बुळबुळीत ऊती असते, व्हॉर्टन्स जेली. थॉमस व्हॉर्टन यांनी १६५६ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्यात मेसेन्कायमल स्टेम सेल्स, म्हणजे वेगवेगळ्या ऊती बनवू शकणाऱ्या मूळ पेशी, असतात. अस्थिमज्जेतून किंवा चरबीतून पेशी काढायच्या तर जनावराला सुई किंवा चीर सोसावी लागते. नाळ मात्र जनावर व्यायल्यावर टाकूनच दिली जाते. मला या उपचारातलं हेच सर्वांत आवडतं, कुणालाही इजा नाही. अडचण एवढीच की व्यायची जागा स्वच्छ नसते, म्हणून जंतूंची तपासणी फार काटेकोर लागते.

प्रयोगशाळेतल्या बशीत या पेशींपासून हाड, कूर्चा, चरबी तयार करता येते. गैरसमज तिथूनच पसरतो. सांध्यात सोडलेल्या पेशींपैकी बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. पण तोवर त्या प्रोस्टाग्लँडिन ई-२ सारखी रसायनं सोडतात, सांध्यातल्या खवळलेल्या मॅक्रोफेज पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) त्याने निवळतात आणि दाह उतरतो. झिजलेली कूर्चा मात्र त्या भरून काढत नाहीत, म्हणूनच हाडावर हाड घासायला लागलेल्या सांध्यात फार काही हाती लागत नाही. लवकर दिलं तर फायद्याची शक्यता जास्त.

युरोपियन संघाने घोड्यांसाठी २०१९ मध्ये ‘हॉर्सस्टेम’ आणि कुत्र्यांसाठी २०२२ मध्ये ‘डॉगस्टेम’ मंजूर केलं. दोन्हींत पेशी घोड्याच्या नाळेतल्याच! परक्या प्राण्याच्या असूनही त्या बऱ्यापैकी चालतात, कारण प्रतिकारशक्तीला ओळख पटवणाऱ्या खुणा त्यांच्यावर कमी असतात. वारंवार दिल्यास मात्र प्रतिपिंडं तयार होऊ शकतात.

डॉक्टरांना जरूर विचारा: पेशी कुठल्या, गोठवलेल्या असतील तर वितळवल्यावर जिवंत किती राहतात, जंतुतपासणीचा अहवाल आहे का? उत्तरं टाळली गेली तर मी तरी ते इंजेक्शन देऊ दिलं नसतं. कुत्रीला कधी गाठ (ट्यूमर) झाली असेल तर आधी सांगा. वजन जास्त असेल तर ते उतरवणं आजच सुरू करा, इंजेक्शन द्या किंवा नका देऊ. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस सांधा थोडा सुजू शकतो. पण ताप आला, किंवा ती पाय टेकवेनाशी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर तासातासाने नुकसान वाढतं.