उघडलेली फाइल मिटूनच उठायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

२० तारखेला रात्री उशिरा आलेला तुझा मेसेज वाचला. ‘सर, सकाळी नऊला बसते, रात्री नऊला उठते आणि तरी एक काम धड पूर्ण झालेलं नसतं.’ सोबत स्क्रीनशॉट. कामांच्या यादीचं एक अॅप, टायमरचं दुसरं, नोंदींचं तिसरं, शिवाय गुगल कॅलेंडरमध्ये पाच रंग. त्या यादीत जवळजवळ प्रत्येक पार्टीच्या, म्हणजे आपल्या अशिलाच्या, नावापुढे तू ‘चालू’ असं लिहिलं आहेस. माझी नजर तिथेच अडकली. तुझं दुखणं वेळेचं नाही गं. तू एका वेळी फार फाइली उघड्या ठेवतेस.

माझ्याकडे सीएच्या आर्टिकलशिपला, म्हणजे उमेदवारीला, होतीस तेव्हापासून ऐकते आहेस, आज पुन्हा ऐक. उघडलेली फाइल मिटूनच उठायचं. आणि जी मिटता येणार नाही, ती उघडायचीच नाही.

तुझा दिवस कसा जातो ते मी न बघता सांगतो. हार्डवेअरच्या दुकानाची फाइल घेतलीस. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बँकेच्या नोंदी टाकायला लागलीस. स्टेटमेंटच्या दुसऱ्याच पानावर ४८,००० रुपयांची एनईएफटी, कुणाची ते कळत नाही. पार्टीला फोन लावलास. ‘मॅडम, दुकानात गर्दी आहे, संध्याकाळी सांगतो.’ झालं, फाइल बाजूला. दुसरी उघडलीस, तर तिच्यात मार्चच्या खरेदीची बिलंच नाहीत. तिसरी उघडेपर्यंत तुझे साहेब येऊन म्हणाले, ‘ही नोटीस जरा बघ गं.’ तीन दिवसांनी हार्डवेअरवाला कळवतो की ते पैसे भावाकडून उसने घेतले होते. तोवर आपण कुठपर्यंत आलो होतो हे तुला आठवत नाही. पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात. एकाच फाइलीचं काम तू तीनदा करतेस आणि टाइमशीटमध्ये एकदाच लिहितेस. मग वेळ कुठे जातो म्हणून विचारतेस!

सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये हेच मांडलं. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो आणि पुढचं काम कच्चं होतं. आपल्या धंद्यात कच्चं काम म्हणजे काय ते तुला माहीत आहे. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटी भरण्याचं रिटर्न, भरताना खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटचा एक आकडा चुकला की १८ टक्क्यांनी व्याज पार्टीच्या गळ्यात, आणि मग ती नोटीस ‘जरा बघायला’ पुन्हा तुझ्याच टेबलावर.

आता करायचं काय ते सांगतो. ती सगळी अॅप्स राहू देत. एक गुगल शीट उघड. एका ओळीत एक पार्टी. पुढे काय यायचं आहे, कधी मागितलं, कुणाकडे मागितलं. आणि स्थिती फक्त तीन प्रकारची : ‘कागद बाकी’, ‘तयार’, ‘मिटली’. ‘चालू’ हा शब्द त्या शीटमध्ये नको. चालू फाइल एकच असते आणि ती तुझ्यासमोर असते, तिची नोंद कशाला हवी?

कागद आले की दहा मिनिटं फक्त ते तपासायचे. सगळ्या खात्यांची स्टेटमेंट्स आहेत का, पीडीएफचा पासवर्ड दिला आहे का, कर्जाचं सर्टिफिकेट आहे का, क्लोजिंग स्टॉक कळवला आहे का, २६एएस आणि एआयएस, म्हणजे कापलेल्या कराचे आणि व्यवहारांचे आयकर खात्याकडचे तक्ते, उतरवून घेतले का. अपुरे असतील तर त्याच क्षणी एक मेसेज आणि शीटमध्ये ‘कागद बाकी’. टॅलीला हात लावायचा नाही.

फाइल तयार असली तरी मधे शंका येणारच. दर शंकेला फोन करायचा नाही. न कळलेली नोंद सस्पेन्समध्ये, म्हणजे उलगडा न झालेल्या नोंदींच्या तात्पुरत्या खात्यात, टाक, बाजूच्या यादीत लिही आणि पुढे सरक. शेवटच्या पानापर्यंत जा. मग सगळ्या शंका एकाच मेसेजमध्ये, क्रमांक घालून पाठव. त्यातल्या निम्म्या तर पुढची पानं बघताना आपोआप सुटतात. त्या ४८,००० च्या पुढच्याच महिन्यात त्याच भावाच्या नावाने परतफेड दिसली असती. ज्या उरतात त्यांची उत्तरं आली की एका बैठकीत सस्पेन्स शून्य करायचा आणि फाइल मिटायची.

तारखा तर आपल्याला सरकारनेच आखून दिल्या आहेत, त्यांचा उपयोग करून घे. ७ ला टीडीएसचा भरणा, ११ ला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१. मिळणाऱ्या क्रेडिटचा तक्ता, म्हणजे २बी, तयार होतो १४ ला. म्हणजे १४ च्या आधी ३बीच्या क्रेडिटची जुळवाजुळव करत बसणं हा कष्टाचा अपव्यय आहे, तरी तू करतेस! १२ आणि १३ हे दिवस ऑडिटला दे. १४ ते १८ या दिवसांत ३बी संपव. २० तारीख सरकारची आहे, तुझी १८. तिमाही रिटर्नवाल्यांना आपल्याकडे २२ पर्यंत मुभा आहे, त्यांना मासिकवाल्यांच्या गर्दीत घालू नकोस. कॅलेंडरमध्ये पाच रंग भरण्यापेक्षा ‘हार्डवेअर, १६ तारीख, १० ते १’ असं लिही आणि एक वाजता ती फाइल मिटलेली असू दे.

टायमरबद्दल विचारलं आहेस. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची पद्धत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना त्यांनी टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातल्या टायमरवर ती सुरू केली. व्हाउचर तपासायला चांगली आहे, मन उडालं असेल तर जरूर वापर. पण बँकेचं स्टेटमेंट हिशेबाशी जुळत आलं असताना घंटा वाजली म्हणून उठायचं? मला हे पटत नाही. जुळलं की उठ.

‘साहेबांना नाही म्हणता येत नाही’ असं लिहिलंस, ते वाचून मात्र मी चिडलो. नाही म्हण असं मी कधी सांगितलं? ‘सर, ही तासाभरात मिटते, लगेच तुमची घेते’, एवढंच म्हणायचं. खरंच आजचीच तारीख असलेली नोटीस असेल तर वेगळी गोष्ट. तेव्हा कुठपर्यंत आलो ते एका ओळीत लिही आणि मग उठ. पण दर ‘जरा बघ’ला तू उठत असशील तर साहेबांचा दोष काढू नकोस. तू उठतेस म्हणून ते उठवतात.

मला या हट्टाची किंमत पडली आहे. सकाळी बारापर्यंत मी पार्ट्यांचे फोन घेत नाही आणि अपुरे कागद घेऊन १९ तारखेला येणाऱ्याला रांगेत शेवटी बसवतो. यावरून जुन्या पार्ट्या सोडून गेल्या. माझा भागीदार यावरूनच वेगळा झाला. फार चांगला माणूस, पार्टी दारात आली की हातातलं टाकून उठायचा, लोकांना तो माझ्यापेक्षा आवडायचा. त्याला माझं म्हणणं कधी पटवून देता आलं नाही, ही खंत आहे आणि राहील. पण जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पहिल्या रिटर्नच्या वेळी पोर्टल अडकून बसलं, तेव्हा ज्यांच्या फाइली मिटलेल्या होत्या त्यांना फक्त बटण दाबायचं उरलं होतं. मी हेकट असेन. माझ्या ऑफिसातली मुलं त्या महिन्यात घरी जेवायला जात होती.

मुदतवाढीवर विसंबणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. २०२५ मध्ये टॅक्स ऑडिटची तारीख ३० सप्टेंबरवरून ३१ ऑक्टोबर आणि मग १० नोव्हेंबर झाली. ऑफिसाऑफिसांतून लोक खूश झाले. माझ्या मते अर्धवट उघड्या ऑडिट फाइली आणखी चाळीस दिवस डोक्यावर राहिल्या, दुसरं काही झालं नाही. ज्याची फाइल सप्टेंबरात मिटली त्याची दिवाळी मोकळी गेली.

तुला हे जमणार नाही असं मला क्षणभरही वाटत नाही. दुसऱ्या वर्षाला होतीस, एका ट्रस्टच्या हिशेबात २७० रुपयांचा फरक येत होता. सगळे म्हणाले, राहू दे, उद्या बघू. तू डबा न उघडता बसून राहिलीस. फरकाला नऊने भाग जातो आहे, म्हणजे अंकांची अदलाबदल असणार, हे तुझं तुला सुचलं. मग एकेक व्हाउचर बघत तू १,३६० च्या जागी पडलेले १,६३० शोधून काढलेस आणि त्यानंतर जेवलीस. बसून राहण्याची ती ताकद तुझ्यात आहे. कुठल्याही अॅपमध्ये ती मिळणार नाही, आणि तू तीच त्या ‘चालू’च्या ढिगाखाली दडपून टाकली आहेस.

उद्या शनिवार समजून काम कर. नवं काही घेऊ नकोस, साहेबांना तसं सांग. सगळ्या उघड्या फाइली शीटमध्ये उतरव, ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांना मेसेज टाकून बाजूला ठेव. उरलेल्यांतली सगळ्यांत छोटी घे आणि मिटव. मग दुसरी. शीट झाली की मला पाठव, मी ओळ न् ओळ बघणार आहे.

तुझा,
सर