वाचकांचे प्रश्न : उपासना, व्यासपीठ आणि मत

निवडणुका जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. विवाह, उपास आणि बाप्तिस्मा यांविषयीचे प्रश्न मागे पडतात आणि मत कोणाला द्यावे, मंडळीने त्यात बोलावे की नाही, ही विचारणा सुरू होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील प्रसंग थोड्याफार फरकाने अनेक गावांत घडत असतो.

प्रश्न : गेल्या निवडणुकीच्या आधीच्या रविवारी उपासना संपता संपता आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एकांनी उभे राहून सांगितले की, अमुक उमेदवाराने आपल्या दफनभूमीला कंपाउंड बांधून देण्याचा शब्द दिला आहे, तेव्हा मंडळीतील प्रत्येक मत त्यांनाच गेले पाहिजे, जो वेगळे मत देईल तो देवाच्या घराशी बेइमानी करील. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. माझा मुलगा पहिल्यांदाच मतदान करणार होता. तो उठून बाहेर गेला आणि तेव्हापासून उपासनेला येत नाही. चूक कोणाची? — एक वडील, श्रीरामपूर तालुका

उत्तर : आपल्या मुलाची चूक नाही, हे आधीच लिहितो, म्हणजे पुढचे सारे वाचताना आपल्या मनावर ते ओझे राहणार नाही.

कायद्याची बाजू आपल्या बहुतेक मंडळ्यांना ठाऊक नसते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ मध्ये निवडणुकीतील भ्रष्ट आचार सांगितले आहेत. धर्माच्या नावावर मत मागणे त्यात येतेच. पण त्याच कलमात मतदाराला दैवी कोपाची किंवा धार्मिक बहिष्काराची भीती घालणे हाही गैरवाजवी दबाव मानला आहे. उमेदवाराने स्वतः, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी असे केले, तर निवडून आलेल्याची निवडणूक रद्द होऊ शकते. 'देवाच्या घराशी बेइमानी' हे शब्द या तरतुदीच्या किती जवळ जातात, हे आपल्या पंचांनी शांतपणे वाचून पाहावे. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्यासाठी १९८८ साली वेगळा कायदाही झाला, त्यानुसार उपासनास्थळाची जागा राजकीय प्रचारासाठी वापरू देता येत नाही, आणि ती जबाबदारी संस्था चालवणाऱ्यांवर येते. आदर्श आचारसंहितेतही मशीद, चर्च, मंदिर यांचा प्रचारासाठी वापर करू नये, असे नावानिशी म्हटले आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग प्रकरणात चार विरुद्ध तीन अशा बहुमताने निकाल दिला की, केवळ उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या आधारावर केलेले आवाहनही या कलमात येते. ते प्रकरण आपल्या राज्यातलेच होते. मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून ते उभे राहिले होते.

परंतु कायदा नसता तरी ती घोषणा गैर ठरली असती, आणि मला अधिक दुःख त्याच बाजूचे आहे. उपासनेला बसलेला माणूस व्यासपीठावरून येणाऱ्या शब्दाला उलट प्रश्न विचारत नाही. तो वचन ऐकायला, पापांगीकार करायला, प्रभुभोजन घ्यायला आलेला असतो. त्याने आपले मन उघडे ठेवलेले असते. त्या उघड्या मनात उमेदवाराचे नाव टाकणे म्हणजे विश्वासाने दाराची कडी काढून ठेवणाऱ्याच्या घरात शिरण्यासारखे आहे. आपला मुलगा बाहेर गेला तो देवाला सोडून गेला, असे मला वाटत नाही. देवाच्या नावावर चाललेला व्यवहार त्याला सहन झाला नाही. मंदिरात सराफांचे चौरंग उलथले गेले, तो प्रसंग त्याने रविवारच्या शाळेत ऐकला असेलच.

आता त्या कंपाउंडविषयी. दफनभूमीची सोय ही कोणा उमेदवाराची मेहेरबानी नाही. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवण्याच्या विषयांमध्ये दफन आणि दफनभूमी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ग्रामपंचायतींच्या कामांतही हा विषय येतो. जे नागरिक म्हणून मागायचे, ते आपण मतांचा गठ्ठा देऊन विकत घेऊ लागलो, तर पुढच्या निवडणुकीत पाण्याची नळजोडणी आणि रस्त्याची खडीही याच भावाने घ्यावी लागेल. शिवाय गठ्ठा एकदा विकला की त्यातल्या एकेका मताला कोणी विचारत नाही. उमेदवार पंचांच्या घरी चहाला जातो. मंडळीतल्या शेतमजूर बाईच्या दारी तो येत नाही, कारण तिचे मत आधीच मोजले गेलेले असते.

या बाबतीत आपल्या पूर्वजांनी घेतलेली भूमिका आपण विसरलो आहोत. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत हिंदी ख्रिस्ती समाजाच्या वतीने गेलेल्या दोन प्रतिनिधींमध्ये या प्रश्नावर मतभेद होते. ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी स्वतंत्र मतदारसंघाची बाजू घेतली, तर डॉ. एस. के. दत्त यांनी ख्रिस्ती लोकांनी इतरांपासून वेगळे होऊन मतदान करण्यास विरोध केला. १९३२ च्या जातीय निवाड्याने स्वतंत्र मतदारसंघ दिलेही. पुढे संविधान सभेत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष स्वतः ख्रिस्ती असलेले हरेंद्रकुमार मुखर्जी होते, आणि धर्माच्या आधारावरील राखीव जागा १९४९ मध्ये वगळल्या गेल्या तेव्हा ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्याला साथ दिली. आपल्या धर्मबंधूंनी शेजाऱ्यांबरोबर एकाच रांगेत उभे राहून, एकाच यादीतून निवड करावी, या विश्वासावर त्यांनी हातातले सोडले. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात आपण सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी आहोत. एवढ्या लहान समाजाने शेजाऱ्यांचा विश्वास घालवून मिळवलेली भिंत फार महाग पडते.

मग मंडळीने राजकारणाविषयी गप्पच बसावे काय? तसे मी म्हणत नाही. नाथान संदेष्टा दाविदाच्या दरबारात गेला आणि गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगून राजाला त्याचा अन्याय दाखवला. पण दाविदाच्या जागी कोणाला बसवावे, हे त्याने तेथे सांगितले नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांबरोबर रस्त्यावर उतरून जमीन, पाणी आणि दहशत यांविषयी निर्भयपणे भूमिका घेतली. ती वसईच्या प्रत्येक धर्माच्या माणसाची लढाई होती. पाळकांनी व्यासपीठावरून लाच घेणे पाप आहे असे म्हणावे, द्वेष पसरवणाऱ्या भाषणाला द्वेष म्हणावे, दारूच्या बाटलीवर मत विकू नका असे सांगावे. नावापाशी आले की थांबावे. ज्या मंडळीला अधिक करायचे असेल, तिने गावातील इतरांना बरोबर घेऊन सार्वजनिक सभागृहात सर्व उमेदवारांना बोलवावे आणि दफनभूमीचा प्रश्न शाळेच्या, पाण्याच्या प्रश्नांबरोबर सगळ्यांसमोर विचारावा.

आपण मुलाला उपासनेला येण्याचा आग्रह तूर्त करू नये. पाळकसाहेबांनीच त्याच्याकडे जावे, आणि त्या दिवशी आपण गप्प बसलो ही चूक झाली, असे त्याला सांगावे. पाळकांनी तरुणाची क्षमा मागितल्याने त्यांचा मान कमी होत नाही. हे पत्र आपण त्यांना दाखवण्यास माझी हरकत नाही.

प्रश्न : आमच्या प्रार्थना गटातील भाऊ सांगतात की, आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, म्हणून विश्वासणाऱ्याने मतदान करू नये, जगाची व्यवस्था जगाच्या लोकांनी पाहावी. त्यांचे जीवन पवित्र आहे, म्हणून त्यांना उत्तर देता येत नाही. — एक भगिनी, पुणे

उत्तर : त्या भावांची निष्ठा मी कमी लेखत नाही. सत्तेच्या जवळ गेलेली मंडळी बिघडते, हा त्यांचा अनुभव खोटा नाही. पण ज्या वचनावर ते उभे आहेत, ते कोणी आणि कोणाला लिहिले ते पाहावे. स्वर्गातील नागरिकत्वाविषयी पौलाने लिहिले ते फिलिप्पै येथील मंडळीला. त्याच शहरात त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकले होते, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निघून जा असे सांगितले, तेव्हा त्याने नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असे तो म्हणाला. हे प्रेषितांची कृत्ये, सोळाव्या अध्यायात आहे. पुढे यरुशलेमेत फटके मारण्यासाठी बांधत असतानाही त्याने नागरिकत्वाचा हक्क पुढे केला, आणि कैसरिया येथे फेस्तासमोर उभा असताना कैसराकडे दाद मागितली. स्वर्गाचे नागरिकत्व मानणाऱ्या माणसाने पृथ्वीवरचे नागरिकत्व इतक्या नेमकेपणाने वापरले, तर आपणांस ते टाकून देण्याचे कारण उरत नाही.

शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातील योथामाचा दृष्टान्तही त्या भावांबरोबर वाचावा. झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून म्हणतो, मी माझे तेल का सोडू? अंजीर म्हणतो, मी माझी गोडी का सोडू? द्राक्षवेल आपला रस सोडायला तयार नाही. शेवटी काटेझुडूप राजा व्हायला तयार होते आणि म्हणते, या, माझ्या सावलीत आसरा घ्या. नाहीतर माझ्यातून अग्नी निघो. काटेरी झुडपाला सावली ती किती! योथामाने हे शखेमाच्या लोकांना सांगितले, कारण त्यांनी सत्तर भावांचा खून करणाऱ्या अबीमलेखाला राजा केले होते. फळ देणाऱ्या झाडांपैकी एकानेही काही वाईट केले नव्हते. ती आपापल्या कामात मग्न होती, इतकेच.

एकही उमेदवार मनाला पटत नसेल, तर २०१३ पासून मतदानयंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय आहे. तो वापरण्यासाठीही केंद्रापर्यंत जावे लागते.

प्रश्न : आमच्या प्रभागात एक ख्रिस्ती उमेदवार उभा आहे. तो आपला आहे, एवढे कारण पुरेसे आहे का? — एक वाचक, मालाड

उत्तर : पुरेसे नाही. त्याचे काम, हिशेब आणि सवयी इतर उमेदवारांना लावाल त्याच मापाने पाहा. उमेदवारी अर्जासोबतच्या शपथपत्रात मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे लिहिलेले असतात, ते वाचा. तो त्या मापात बसला तर आनंदाने मत द्या. जोसेफ बॅप्टिस्टा १९२५ मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्याआधी ते लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते, आणि सर्व समाजांचे लोक त्यांना 'काका' म्हणत असत. आपला माणूस निवडून यावा असे वाटत असेल, तर तो आधी इतरांनाही आपला वाटला पाहिजे.

प्रश्न : आमचे पूर्वज अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झाले. सवलती गेल्या, पण गावातली वागणूक बदलली नाही. या एका प्रश्नावर मत दिले तर ते स्वार्थी, जातीय मतदान ठरते का? आमचे काही शिक्षित बांधव तसे म्हणतात. — एक शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ठरत नाही, आणि तसे म्हणणाऱ्या बांधवांनी थोडे थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधव त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेर राहिले. या विषयावर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. धर्म बदलल्याने जातीची झळ थांबते का, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो उमेदवाराला विचारण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. वर उल्लेखिलेल्या २०१७ च्या निकालात ज्या तीन न्यायमूर्तींनी वेगळे मत नोंदवले, त्यांचा आक्षेप याच ठिकाणी होता : ज्यांना धर्म किंवा जात यांमुळे वंचित ठेवले गेले, त्यांच्या दुःखाविषयी निवडणुकीत बोलूच नये असा अर्थ लावला, तर लोकशाही पोकळ होते. मला ते म्हणणे पटते. 'मी ख्रिस्ती आहे म्हणून मला मत द्या' आणि 'माझ्यावर अन्याय होतो, त्याचे तुम्ही काय करणार?' ही दोन वाक्ये एकाच तराजूत घालू नयेत.

एक गोष्ट मात्र आपणांस आणि आपल्या बांधवांना मनापासून सांगावीशी वाटते. हा अन्याय मांडताना आपल्या मंडळ्यांच्या आतही जुन्या जातींची आठवण विवाह जुळवताना आणि पंच निवडताना जागी होते, त्याविषयीही तितक्याच मोकळेपणाने बोलले पाहिजे. ते उमेदवाराला विचारता येणार नाही. ते आपल्यालाच आपल्याला विचारावे लागेल.

प्रश्न : मतदानाच्या आधीच्या रविवारी मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे आहे. कोणाचा पक्ष न घेता काय मागावे? — एक तरुण, सोलापूर

उत्तर : पौलाने तीमथ्याला सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले, तेव्हा सत्तेवर ख्रिस्ती माणूस नव्हता, म्हणून 'सर्व' हा शब्द धरून ठेवा. उमेदवारांची नावे घेणार असाल तर एकही वगळू नका, नाहीतर एकही घेऊ नका. यिर्मयाने बाबेलात बंदिवान झालेल्यांना त्या परक्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करायला सांगितले होते. आपले नगर तर आपलेच आहे, तेव्हा त्याचे रस्ते, दवाखाने, भांडणे यांची नावे घेऊन मागा. ज्यांना पैसे घेऊन मत देण्याचा मोह होईल त्यांच्यासाठी मागताना त्यांची गरिबीही देवापुढे ठेवा. आणि निवडणुकीच्या कामावर नेमलेल्या शिक्षक-शिक्षिकांना विसरू नका. २०१९ मध्ये आपल्या सोलापुरात १८ एप्रिलला, म्हणजे प्रभुभोजनाच्या स्थापनेच्या पवित्र गुरुवारी मतदान होते; केंद्रावर नेमलेल्या ख्रिस्ती कर्मचाऱ्यांची ती संध्याकाळ यंत्रे सीलबंद करण्यात गेली असेल. त्यांच्यासाठी एक वाक्य वेगळे ठेवा.