‘दंड भरा, हार सोडवा’ एवढं सोपं नाही

ठाण्याच्या एक ताई नागालँडमधल्या दिमापूरहून आणि मुंबईच्या चोर बाजारातून जुने नागा हार घेतात आणि इन्स्टाग्रामवर विकतात. शंखाचे मणी, लाल अकीक, अधूनमधून पितळेच्या घंटा. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला टपालाने पाठवलेले तीन हार सीमाशुल्क विभागाने मुंबईत अडवले. नोटीस आली, सुनावणीच्या तारखा आल्या, ताई गेल्या नाहीत. आता हार सरकारजमा आणि वर 40,000 रुपये दंड, असा आदेश आला आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, दंड भरा, वर सोडवणुकीची रक्कम भरा, माल मिळेल. ‘भरून टाकू का?’ एवढंच त्यांनी विचारलं आहे. कधी नाणी, कधी समया, कधी लाकडी खांब. वस्तू बदलते, पण प्रश्न हाच असलेली पत्रं नेहमी येतात.

ताई, भरू नका. निदान या आठवड्यात तरी नाही.

आधी तारीख. आदेश मिळून ‘दीड-दोन महिने झाले’ असं तुम्ही लिहिता. दीड की दोन? सीमाशुल्क अधिनियम, 1962 च्या कलम 128 प्रमाणे आदेश हाती पडल्यापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे अपील दाखल व्हावं लागतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी 30 दिवस मिळू शकतात. त्यापुढे एक दिवसही नाही. तशाच शब्दांतल्या उत्पादन शुल्काच्या कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सिंह एंटरप्रायझेस प्रकरणात 2007 मध्ये हेच सांगितलं: ज्येष्ठ आजारी होते, वकील बदलला, मुलीचं लग्न होतं, काहीही असो, त्या 30 दिवसांपलीकडचा उशीर माफ करण्याचा अधिकार अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्यालाच नाही. म्हणून आज घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे आदेशाचं पाकीट शोधणं. पाकीट टाकून दिलं असेल तर स्पीड पोस्टच्या नोंदीवरून तारीख काढा. वॉचमनने घेतलं, मला उशिरा मिळालं, असं म्हणता येईल. पण त्यावर भिस्त ठेवू नका. दीड महिना झाला असेल तर घाईघाईने का होईना, काम होतं. दोन महिने उलटले असतील तर अपिलासोबत उशीरमाफीचा अर्ज जोडावा लागेल आणि त्यात ‘घरात कार्य होतं’ याहून बरं कारण लागेल.

आता एजंटचं बोलणं. साधा माल असता तर तो बरोबर ठरला असता. सरकारजमा माल रक्कम भरून सोडवण्याची मुभा कलम 125 मध्ये आहे. पण तुमचे हार ‘पुरावशेष’ ठरवून अडवले आहेत आणि पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 च्या कलम 4 ने ही मुभाच काढून घेतली आहे. केंद्र सरकारने अर्जावरून वेगळा निर्देश दिला तरच गोष्ट वेगळी. म्हणजे तुम्ही सगळे पैसे भराल, हार मिळणार नाहीत आणि तेवढ्यात अपिलाची मुदत निघून जाईल. एजंटला हे कलम विचारून बघा.

म्हणजे सगळं एकाच प्रश्नापाशी येतं: हे हार पुरावशेष आहेत का? ऐतिहासिक महत्त्वाची आणि किमान 100 वर्षं अस्तित्वात असलेली वस्तू, अशी त्याची ढोबळ व्याख्या. वाद झाला तर निवाडा टपालातल्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. याच 1972 च्या कायद्याचं कलम 24 सांगतं की प्रश्न भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडे, किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या संचालक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचा आणि त्यांचा निर्णय अंतिम. तुम्ही पाठवलेल्या पानांत असा निर्णय कुठे दिसत नाही. दिसते ती तुमची जाहिरात: ‘अस्सल नागा हार, 120 वर्षांहून जुना, संग्रहालयात शोभेल असा’. अधिकाऱ्याने तीच आदेशात उतरवून घेतली आहे. किंमत चढवायला लिहिलेलं वाक्य तुमच्याविरुद्धचा एकमेव पुरावा झालं आहे, आणि हारांच्या पार्सलवरच्या घोषणापत्रात तुम्हीच लिहिलंत ‘खोटे दागिने, भेट’. पैसे घेतलेत आणि भेट? हे लिहिताना कोणी विचारलं नाही का?

तरीही अपिलाचा मुख्य मुद्दा हाच राहील: कलम 24 चा निर्णय न घेता हार पुरावशेष ठरवले. मात्र तुम्ही मला पहिलं आणि शेवटचं पान पाठवलंत. मधल्या पानांत पुरातत्त्व सर्वेक्षणाचा अभिप्राय असेल तर हा सल्ला बराच बदलतो आणि कदाचित उच्च न्यायालयाचाच रस्ता उरतो.

अभिप्राय नसेल तर बाजू मांडायला जागा आहे. लाल अकीकाचे मणी खंभातला आजही होतात. दगड भाजून लाल करायचे, लांबट घडवायचे, भोक पाडायचं, हे काम तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. नागा टेकड्यांत जाणारे मणी तिथूनच जात आले. शंखाचा मणी वापराने पिवळा पडतो, तसाच मुद्दाम पिवळा करताही येतो. शिवाय मणी जुने, दोरा आणि ओवणी परवाची, असे हार बाजारात ढिगाने आहेत. तेव्हा नजरेने वय सांगणं तज्ज्ञालाही जड जातं, हे अपिलात लिहा. मात्र हार नवे आहेत असं शपथेवर लिहू नका. त्यांचं वय तुम्हाला माहीत नाही, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर लिहिलं, एवढंच खरं आहे आणि तेवढंच लिहा. जुने आहेत म्हणून हट्ट धरलात तर परवान्याशिवाय पुरावशेषांचा व्यापार केल्याची कबुली होते; त्याच कायद्याचं कलम 5 तिथं उभंच आहे.

अपिलासोबत दंडाच्या साडेसात टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत 3,000 रुपये, आधी जमा करावे लागतात. उरलेल्याची वसुली त्यानंतर थांबते. निकाल लागेपर्यंत हारांची विल्हेवाट लावू नये, अशी मागणी अपिलातच करा. शक्य असेल तिथे सहा महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. शक्य नसण्याची कारणं आपल्याकडे कधी कमी पडलेली नाहीत, तेव्हा दिवाळीच्या मालाचा हिशेब या तीन हारांवर मांडू नका.

फौजदारी खटल्याची भीती तुम्ही लिहिली आहे. पुरावशेष बेकायदा परदेशी पाठवण्याला किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, पण खटला भरायला सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती मिळेल की नाही यावर आत्ता बोलणं घाईचं होईल. शंखाबद्दल: पूजेचा शंख वन्यजीव कायद्याच्या परिशिष्टांत नाही, पण 2001 पासून इतर बरेच शंखशिंपले त्यात आहेत. आदेशात हा मुद्दा काढलेला नाही, तेव्हा तो तुम्हीही काढू नका. चोर बाजारच्या दुकानदारावर ग्राहक आयोगात जायचं म्हणत असाल तर पुन्हा विकण्यासाठी घेणारा कायद्याने ग्राहक नाही. आणि बिलही तुम्ही घेतलेलं नाही. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचे पैसे परत करा, वाद वाढवू नका.

जुनी जाहिरात पुसू नका, तिची प्रत विभागाकडे आहे आणि पुसल्याचं उलट दिसेल. घरात उरलेल्या हारांची वर्णनं मात्र आजच बदला आणि यापुढे परदेशी पाठवण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घ्या. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यात आहे, ठाण्याहून लोकलने जाता येतं. पण ते नंतर. आधी पाकीट, मग मधली पानं घेऊन सीमाशुल्काचं काम करणारा वकील गाठा.