गाडी मालकाची, फेरी पोराची

प्रश्न : मी एसटीचा चालक, अंबाजोगाई आगारातून निवृत्त. धाकटा मुलगा अमेरिकेत टेक्सासला ट्रक चालवतो. परवा फोनवर म्हणाला, माल खाली होईपर्यंत तास संपले, गोदामवाल्याने आवारात थांबू दिलं नाही, म्हणून तासांची नोंद ठेवणाऱ्या मशीनवर 'पर्सनल' (म्हणजे ड्युटी नाही, गाडी स्वतःच्या कामाला) लावून ट्रक थांब्यावर गेलो. तिथं जागा नव्हती, मग आणखी पुढे गेलो. आता कंपनी विचारतेय, एवढ्या लांब कशाला गेलास? भरलेली गाडी घेऊन हा जेवायलाही जातो म्हणे! हे नियमात बसतं का? माझ्या तर मनाला पटत नाही.
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तुम्हाला पटणार नाहीच. मुक्कामी बस काढून चालक रात्री फाट्यावर जेवायला गेला असता, तर सकाळी आगारात काय झालं असतं ते तुम्हीच मला सांगाल. पण तिकडच्या लांब पल्ल्याच्या चालकाचं बिऱ्हाडच गाडीत असतं. त्याने जेवायला जायचं कशाने? म्हणून तिथल्या केंद्रीय वाहतूक खात्याने ही 'पर्सनल'ची सोय ठेवली आहे. ती चोरवाट नाही.

आधी तासांचं बघा. सलग १० तास विश्रांती झाली की पुढच्या १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. डिसेंबर २०१७ पासून ही नोंद इंजिनाला जोडलेल्या यंत्राकडे जात गेली. (आपल्याकडेही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे ८ तास ठरवले होते. जालन्यात ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिल्ट्या फाडण्यात माझी उमर गेली, ते तास कुणी मोजलेले मला दिसले नाहीत.) 'पर्सनल' लावल्यावरची धाव त्या ११ तासांत धरत नाहीत. मात्र दिवसात मध्येच ते लावलं म्हणून १४ तासांचं घड्याळ थांबत नाही, एवढं पोराला बजावून ठेवा.

भरलेल्या गाडीला ही सवलत पूर्वी नव्हती, २०१८ साली मिळाली. आता माल आहे की नाही हे बघत नाहीत, त्या वेळी गाडी कुणाच्या कामाने चालली आहे ते बघतात. कंपनीने कामातून मोकळं केलं असेल, तर जेवायला खुशाल जाऊ द्या.

खरी मेख गोदामापासून पुढे आहे. माल भरून किंवा उतरवून झाल्यावर, तास संपले असले तरी, विश्रांतीसाठी जवळच्या सुरक्षित जागी 'पर्सनल'वर जाता येतं. पण वाटेत जी पहिली सोयीची जागा मिळेल, तिथं थांबायचं. पहिला थांबा भरलेला होता म्हणून पोरगा पुढे गेला, तर त्याचं काही चुकलं नाही. पहिल्या थांब्यावर जागा असताना उद्याचं भाडं जिकडे आहे तिकडे सरकला असेल, तर ती फेरी कंपनीच्या कामाची झाली आणि नोंद खोटी ठरली.

आपल्याकडे सळई भरून सोलापूरला निघालेला गडी गढी फाट्यावरून गाडी माजलगावकडे, गावाला वळवतो. मालकाला जीपीएसवर दिसतं. "कुठं चाललास रे?" म्हणून फोन आला की गडी म्हणतो, "शेठ, पाटा तुटलाय, गॅरेज बघतोय." तिकडे हे कारण दिलं तर उलट अडकेल, कारण दुरुस्तीला गाडी नेणं हे कंपनीचंच काम धरतात.

किती मैल जावं याची मर्यादा तिथल्या नियमात नाही. कंपनी मात्र स्वतःची मर्यादा घालू शकते, भरलेल्या गाडीला बंदी करू शकते, सवलत अजिबात नाकारूही शकते. तेव्हा मुलाने आधी कंपनीचा लेखी नियम मागून घ्यावा. नोंदीला जोडून शेराही लिहावा : गोदामात थांबू दिलं नाही, अमुक थांबा अमुक वाजता भरलेला होता. 'पर्सनल'मध्ये यंत्र ठिकाण ढोबळच टिपतं, साधारण १० मैलांच्या परिघात. त्यामुळे तो थांब्यापर्यंत गेला होता हे पुढे त्या शेऱ्यावरूनच कळेल.

आणि उद्या कॅनडाची फेरी लागली, तर हे सगळं तिथं चालेल असं समजू नये. तिकडे गाडी रिकामी लागते, ट्रेलर सोडलेला लागतो आणि दिवसाला ७५ किलोमीटरच्या वर जाता येत नाही.