सर्व्हरवर एक्सेप्शन आलं, युजरला काय सांगायचं?

प्रश्न : आमच्याकडे प्रत्येक एपीआय २०० (‘सगळं ठीक’ सांगणारा स्टेटस कोड) देतो आणि बॉडीत, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, ‘सक्सेस : फॉल्स’ लिहितो. ही पद्धत बदलावी का?

बदलाच. स्टेटस कोड फक्त तुमचा फ्रंटएंड वाचत नाही. लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा), कॅशे, मॉनिटरिंग सगळे त्यावरच चालतात. डेटाबेस बंद पडला तरी २०० जात राहिला, तर डॅशबोर्ड हिरवागार राहतो आणि बिघाडाची पहिली खबर ग्राहकाच्या फोनवरून येते. पाठवलेला डेटा चुकीचा असेल तर ४०० किंवा ४२२, लॉगिन नसेल तर ४०१, आपलाच कोड फसला तर ५००. बॉडीची रचना घरची शोधू नका. एररच्या उत्तराचा साचा ठरवून देणारं २०२३ चं आरएफसी ९४५७ हे इंटरनेट मानक त्यासाठीच आहे.

प्रश्न : एक्सेप्शनचा (कोड चालताना आलेल्या चुकीचा) मेसेज थेट स्क्रीनवर दाखवला तर टेस्टिंगला सोपं जातं. हरकत काय?

त्या मेसेजमधून टेबलांची नावं, फाइलींचे पाथ, लायब्ररीची व्हर्जन बाहेर पडतात. हल्ला करणाऱ्याला एवढं पुरतं. प्रत्येक कंट्रोलरमधले (रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडमधले) चूक पकडणारे ट्राय-कॅच काढा आणि अनपेक्षित एक्सेप्शन एकाच ठिकाणी पकडा. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये त्यासाठी ‘रेस्ट कंट्रोलर ॲडव्हाइस’ आहे. तिथे एक संदर्भ क्रमांक तयार करा. युजरला दिसू द्या : ‘ऑर्डर नोंदवता आली नाही. संदर्भ क्र. ४८१७२०.’ लॉगमध्ये त्याच क्रमांकासोबत पूर्ण स्टॅक ट्रेस (चूक कोडमध्ये कुठे झाली याचा माग) ठेवा, पासवर्ड आणि कार्ड नंबर वगळून. टेस्टरने क्रमांक कळवला की लॉगमध्ये नेमकी ती ओळ सापडते.

प्रश्न : सर्व्हर ५०० देतो, तरी ‘फेच’चा (ब्राउझरमधून रिक्वेस्ट पाठवणाऱ्या जावास्क्रिप्ट फंक्शनचा) कॅच ब्लॉक चालतच नाही.

चालणारही नाही. सर्व्हरकडून उत्तर आलं, मग ते ५०० का असेना, ‘फेच’च्या दृष्टीने काम झालं. नेटवर्क तुटलं किंवा रिक्वेस्ट अडवली वा रद्द केली गेली, तरच ते रिजेक्ट होतं, म्हणजे कॅचमध्ये जातं. ‘रिस्पॉन्स.ओके’ स्वतः तपासा.

प्रश्न : पेमेंटला ५०४ आला की आमचं ॲप आपोआप पुन्हा रिक्वेस्ट पाठवतं. काहींचे पैसे दोनदा कापले गेले.

ते आपोआप पाठवणं आजच बंद करा, बाकीचं नंतर. ५०४ चा अर्थ एवढाच की मधला गेटवे (रिक्वेस्ट पुढे पोचवणारा सर्व्हर) वाट पाहून थांबला. मागच्या सर्व्हरने पैसे कापले की नाही, हे त्यावरून कळत नाही.

कायमचा उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच रिक्वेस्ट पुन्हा आली तरी काम एकदाच व्हावं यासाठीची खूण. ग्राहक पेमेंटच्या पानावर आला की क्लायंटने एक युनिक की बनवायची आणि त्या पेमेंटच्या प्रत्येक रिक्वेस्टसोबत तीच पाठवायची. दर प्रयत्नाला नवी की बनवणारा कोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. त्याचा काहीच उपयोग होत नाही. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये ही की साठवणाऱ्या कॉलमला युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दुसऱ्यांदा घेऊ न देणारा नियम) लावा, म्हणजे दोन रिक्वेस्ट एकाच क्षणी आल्या तरी एकच आत जाईल. पहिलीचं उत्तर साठवून ठेवा आणि दुसरीला तेच परत द्या. तुमचा पेमेंट गेटवे अशी की घेत असेल, तर तीच पुढेही पाठवा.

आणि स्क्रीनवरचं ‘पेमेंट फेल’ काढून टाका, कारण तेव्हा ते तुम्हालाही माहीत नसतं. ‘पेमेंटची स्थिती तपासत आहोत, पुन्हा पैसे भरू नका’ असं लिहा, आणि स्थिती विचारणारी गेट रिक्वेस्ट (फक्त माहिती मागणारी) दर काही सेकंदांनी पाठवत राहा. ती कितीही वेळा गेली तरी कोणाचा रुपयाही कापला जात नाही.