देवळाला माफी, हॉलला नाही

प्रश्न: वकीलबाई, इंदुरात राजेंद्र नगरात आमच्या मंडळाचं दत्तमंदिर आहे, मागे सभागृह. ट्रस्ट रजिस्टर्ड आहे. लग्नामुंजीला सभागृह देतो, दिवसाचे ११,००० रुपये घेतो आणि पावती देणगीची फाडतो. आता नगर निगमाने सगळ्या इमारतीवर संपत्तिकराची नोटीस काढली आहे. समोरच्या चर्चला मात्र काही नाही! हा भेदभाव नाही का? कोर्टात जावं का?
— एक खजिनदार

काका, चर्चचं नाव नोटिशीच्या उत्तरात घालूच नका. मध्य प्रदेश नगरपालिक निगम अधिनियम, १९५६ मध्ये संपत्तिकराची माफी देवाच्या नावावर मिळत नाही, जागेच्या वापरावर मिळते. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा सगळे एकाच रांगेत. समोर नुसती प्रार्थना होत असेल तर माफी बरोबरच आहे. उद्या त्यांनी हॉल बुकिंगला काढला तर त्यांच्याही दारात हीच नोटीस येईल. आयकरातही चर्चला वेगळं पान वाढलेलं नाही. नोंदणी, सुटीच्या मर्यादेवर उत्पन्न गेलं की ऑडिट, आणि शंभरातले ८५ रुपये उद्देशांवर खर्च, हे त्यांनाही चुकलेलं नाही.

तुमची खरी अडचण ती पावती आहे. तिचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. वर छापलंय ‘सप्रेम देणगी’ आणि खाली बॉलपेनने ‘हॉल १ दिवस, लाइट वेगळी’. अहो, लाइट वेगळी लावून कोणी देणगी देतं का? मोबदला घेतला की ते भाडं. त्यावर कोणाला ८०-जीची, म्हणजे देणगीदाराला मिळणारी आयकराची, सूट मिळवून दिली असेल तर ते ताबडतोब थांबवा. मागच्या नोंदी सीएला दाखवा.

भाड्याचा आकडाही नडतो. आयकराखाली नोंदणीकृत धर्मादाय वा धार्मिक ट्रस्टने सर्वांसाठी खुल्या धार्मिक स्थळाच्या आवारातला हॉल दिला, तर दिवसाला १०,००० रुपयांच्या आत जीएसटी माफ आहे. तुम्ही ११,००० घेता, म्हणजे माफीबाहेर. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज पडत नाही, म्हणून घाबरू नका. पण ‘हॉल ९,०००, सफाई २,०००’ अशी तोडफोड सुचवणारा कोणीतरी कमिटीत असतोच. त्याचं ऐकू नका.

माझं मत विचाराल तर लग्नाच्या हॉलने कर भरावा. शेजारचा मंगल कार्यालयवाला भरतोच ना? भांडायचं ते गाभारा, सभामंडप आणि मोफत वाचनालयाच्या खोलीसाठी. तिथे तुमची बाजू भक्कम आहे. नकाशावर दोन्ही भाग वेगळ्या रंगांनी दाखवा, वर्षभराचं बुकिंग रजिस्टर जोडा, जागेची पाहणी मागा आणि हॉलची आकारणी वेगळी करा असं लेखी म्हणा. पाणी आणि कचऱ्याचं शुल्क मात्र द्यावंच लागेल. कोर्ट नंतर, आधी हे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. तुमच्या ट्रस्टच्या घटनेत ‘ज्ञातिबांधवांच्या मुलांस शिष्यवृत्ती’ असं कलम दिसतंय. १९६२ नंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट एकाच जातीच्या वा धर्मसमूहाच्या भल्यासाठी असेल तर आयकराची सूट जाऊ शकते. आपल्याच राज्यातून गेलेल्या दाऊदी बोहरा जमातीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सूट कायम ठेवली, कारण ट्रस्टच्या उद्देशांचा लाभ एका समाजापुरता बांधलेला नव्हता. तुमचं कलम बांधलेलं आहे. नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, धोका तोच आहे. दुरुस्ती कशी करायची ते सार्वजनिक न्यासाच्या रजिस्ट्रारकडची मूळ नोंद पाहून सांगेन. तिची नक्कल काढा.

नोटिशीची तारीख फोटोत कापली गेली आहे. मुदत संपायच्या आत झोन कार्यालयात उत्तर द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.